रानभाज्यांचं छोटं पेज कसं वाढवायचं, पहिल्या हजार लोकांपर्यंत

जून लागला की फॅमिली ग्रुपवर "ही कुठली भाजी, कशी करायची" असे फोटो फिरायला लागतात, चार जण चार नावं सांगतात आणि तोवर भाजी फ्रिजमध्ये सुकून जाते. ज्यांना हे नीट माहितीये, म्हणजे घरात आई-आजीने करून घातलंय किंवा जे दर आठवड्याला बाजारातल्या मावशींशी बोलून भाजी घेतात, त्यांनी इन्स्टाग्राम नाहीतर फेसबुकवर पेज काढायलाच हवं असं मला मनापासून वाटतं. लाखभर फॉलोअर्सची गोष्ट मी करत नाहीये. पाचशे-हजार माणसं, जी तुमची पोस्ट बघून त्याच दिवशी पिशवी घेऊन बाजारात जातात, ती कशी जमवायची ते सांगते. मी बदलापूरकडची, त्यामुळे उदाहरणं ठाणे-रायगडकडची येणार, तुम्ही विदर्भातले किंवा सिंधुदुर्गातले असाल तर भाज्या बदला, पद्धत तीच राहते.

पट्टा आधी, पेज नंतर

"मराठी रेसिपीज" नावाने आज नवीन पेज काढलं तर ते कुणाला दिसणारही नाही, तिथे आधीच खूप मोठी मंडळी आहेत. पण "कल्याण ते कर्जत, या आठवड्यात बाजारात काय आलंय" हे सांगणारं पेज शोधायला गेलं तर मिळत नाही, आणि त्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला त्याची गरज दर आठवड्याला असते. म्हणून दोन गोष्टी पक्क्या करा, जागा कुठली आणि विषय कुठला. जागा म्हणजे जिथे तुम्ही पायी किंवा एका लोकल प्रवासात पोचू शकता तेवढीच. विषय म्हणजे बाजारात येणारी हंगामी भाजी, फळं, पाला, बस. मधेच ट्रेकचे फोटो, मधेच मुलाचा वाढदिवस, मधेच राजकारण असं सुरू झालं की नवीन आलेल्या माणसाला कळत नाही हे पेज आपल्या कामाचं आहे की नाही, आणि तो फॉलो न करता पुढे जातो.

नावात जागा आणि भाजी दोन्ही येऊ देत. इन्स्टाग्रामचं हँडल इंग्रजी अक्षरातच घ्यावं लागतं पण प्रोफाइलवरचं जे ठळक नाव असतं ते देवनागरीत लिहिता येतं आणि सर्चमध्ये तेही धरलं जातं, तर तिथे सरळ "रानभाज्या, बदलापूर-कर्जत" असं काहीतरी लिहा. बायोमध्ये एक ओळ, काय मिळेल आणि कोणत्या वारी मिळेल. अकाऊंट सेटिंगमध्ये जाऊन क्रिएटरवर टाका, फुकट आहे, त्याशिवाय इनसाइट्स म्हणजे आकडे दिसत नाहीत.

एक पोस्ट पूर्ण कशी करायची

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून सावकाश सांगते. भाजीवरच्या बहुतेक पोस्ट म्हणजे एक छान फोटो, खाली "निसर्गाची देणगी, नक्की खा, आरोग्यदायी" असं काहीतरी. लाइक मिळतात, पण वाचणाऱ्याच्या हातात काहीच पडत नाही. भाजी हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाचे प्रश्न अगदी ठरलेले असतात. ओळखायची कशी, कोवळी कोणती आणि जून कोणती, साफ करताना काय टाकायचं, कशासोबत शिजवायची, आणि किती दिवस मिळणार आहे. या पाचांची उत्तरं एका पोस्टमध्ये आली की ती पोस्ट सेव्ह होते.

शेवळाचं उदाहरण घेऊ. मे संपता संपता, पहिल्या पावसाच्या आसपास शेवळं बाजारात येतात आणि थोड्याच आठवड्यांत गायब होतात. हा त्या झाडाचा फुलोरा असतो, पान नंतर येतं, ही माहिती पहिल्या स्लाइडवर टाका कारण बऱ्याच जणांना ते मुळं किंवा कोंब वाटतात. दुसऱ्या स्लाइडवर सोललेलं शेवळं, वरचं आवरण बाजूला, आणि खालचा पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा तो बोटाने दाखवलेला, इथे क्लोजअपच हवा. तिसरीवर काकडं. काकडं म्हणजे काकडी नव्हे, एका रानझाडाची छोटी हिरवी आंबट फळं, शेवळं विकणाऱ्या बाईकडेच ती बहुतेक वेळा मिळतात, आणि ती शेवळासोबत का घ्यायची तेही लिहा, म्हणजे शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात म्हणून घसा खाजतो, आणि घरोघरी त्याला आंबटाचाच उतारा आहे, काकडं नसतील तर चिंच किंवा आमसुलं. चौथीवर भाजीची पद्धत थोडक्यात, सीकेपी घरात कोलंबी किंवा खिमा घालतात, शाकाहारी असाल तर वाल किंवा चणाडाळ. शेवटच्या स्लाइडवर सगळ्याचा गोषवारा एका चित्रात, आणि खाली कोपऱ्यात पेजचं नाव.

त्या शेवटच्या स्लाइडबद्दल थोडं. आपल्याकडे स्वयंपाकाची माहिती खरी फिरते ती व्हॉट्सअ‍ॅपवर. पोस्टची लिंक मावशी उघडत नाही, तिच्याकडे इन्स्टाग्राम नसतंच, भाची स्क्रीनशॉट काढून पाठवते आणि मग तो स्क्रीनशॉट माहेरच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, भिशीच्या ग्रुपवर असा फिरत राहतो. म्हणून ते एकच चित्र पाहून भाजी करता आली पाहिजे आणि पेज कुणाचं ते कळलं पाहिजे. अक्षर मोठं ठेवा, साठी ओलांडलेल्या माणसाला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं मोठं. पेजचं नाव फोटोच्या मधोमध आडवं टाकू नका, भाजीच दिसेनाशी होते.

फोटोसाठी मोबाइल पुरे. खिडकीजवळचा सकाळचा उजेड, खाली साधं कापड किंवा सूप, आणि फ्रेममध्ये हात असू द्या म्हणजे पान केवढं मोठं ते कळतं. फिल्टर अजिबात नको, कारण इथे रंग ही ओळख आहे, टाकळ्याचा हिरवा आणि कवळ्याचा हिरवा वेगळा दिसला पाहिजे. रील करत असाल तर शब्द स्क्रीनवर लिहाच, लोकलमध्ये बसलेली माणसं आवाज बंद ठेवून बघतात. पण आवाजही तुमचाच द्या, तुमच्या बोलीत. आगरी असेल, मालवणी असेल, वऱ्हाडी असेल, प्रमाण भाषेत वाचून दाखवायची काही गरज नाहीये, त्या भागातला माणूस आवाज ऐकूनच थांबतो.

रीलसाठी प्रत्येक वेळी रेसिपीच लागते असंही नाही. टाकळ्याची पानं संध्याकाळ झाली की मिटतात, दुपारचा एक शॉट आणि दिवेलागणीचा एक शॉट एकापुढे एक लावला तरी सुंदर रील होतं आणि टाकळा ओळखायची एक खूणही लोकांच्या लक्षात राहते. करटोलीचे नर वेल आणि मादी वेल वेगळे असतात म्हणून घरी एकच वेल लावला तर फळ धरत नाही, हे नुसतं दोन फुलं हातात धरून सांगितलं तरी गच्चीवर बाग करणारे सगळे ते रील एकमेकांना पाठवतात.

किती वेळा टाकायचं

रोज नको. आठवड्यात दोन पोस्ट, ठरलेल्या वारी. माझं मत विचाराल तर एक आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी, "उद्या काय मिळेल आणि ते कसं निवडायचं", आणि दुसरी मधल्या वारी एकाच भाजीवर सविस्तर. हे वार घरातल्या धावपळीच्या आठवड्यातही जमतील असेच निवडा, परीक्षा आहे, पाहुणे आलेत, ऑफिसचं क्लोजिंग आहे, तेव्हाही जमेल एवढंच वचन द्या. कारण पहिल्या महिन्यात रोज पोस्ट टाकून दुसऱ्या महिन्यात थांबलेली पेजेस ढिगाने आहेत, आणि लोकांना सवय लागायच्या आतच ती बंद पडलेली असतात. शुक्रवारी संध्याकाळी तुमची पोस्ट येते हे चाळीस माणसांना माहीत झालं तरी ती खूप मोठी गोष्ट आहे, ती चाळीस माणसं वाट बघतात आणि तीच पुढे पाठवतात.

पावसाळ्यात सामान खूप असतं, तेव्हा साठवून ठेवायचं. बाजारात गेलात की एका भाजीचे दहा-पंधरा फोटो काढा, जुडी बांधलेली, सुटी, पानाची मागची बाजू, देठ, फूल असेल तर फूल, आणि मोबाइलमध्ये भाजीच्या नावाचा अल्बम करून टाका. कॅप्शन बोलून टाइप करा, मराठी व्हॉइस टायपिंग आता चांगलं चालतं, फक्त भाज्यांची नावं तपासून घ्या कारण कुर्डू आणि फोडशी त्याला कळत नाहीत. पोस्ट अ‍ॅपमध्येच आधी शेड्यूल करता येते, रविवारी तासभर बसून आठवड्याचं काम उरकतं.

आता बऱ्याच जणांना भीती वाटते की सप्टेंबरनंतर काय टाकणार. पण आपल्याकडे बारा महिने काही ना काही येतच असतं. जूनमध्ये शेवळं, टाकळा, फोडशी, जुलैत कुर्डू, कवळा, भारंगी, करटोली. डिसेंबर-जानेवारीत रायगडकडे वालाच्या शेंगा भरतात आणि पोपटी, म्हणजे मडक्यात पाला घालून भाजलेल्या शेंगा, लागते, तेव्हा भांबुर्ड्याचा पाला कसा ओळखायचा ही पोस्ट. सोलापूरकडचे असाल तर हुरडा. मार्च-एप्रिलला मोहाची फुलं, मग कैरी, करवंदं, जांभळं, फणस, आणि एप्रिल-मे म्हणजे वाळवणं, कुरडया, सांडगे, आंबोशी, आमसुलं, हे सगळं बाजारातल्या हंगामाशीच जोडलेलं आहे, विषय सोडायची वेळच येत नाही.

सणांची तारीख मात्र आधीपासून धरा. ऋषिपंचमी गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी असते, आणि ऋषीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही, म्हणून तेव्हा सगळी शहरं अळू, भोपळा, माठ, सुरण, पडवळ, मक्याची कणसं शोधत फिरत असतात. ही पोस्ट पंचमीच्या दिवशी टाकून काहीच उपयोग नाही, गणपतीच्या चार-पाच दिवस आधी टाका, कुठली भाजी किती घ्यायची याच्या यादीसकट, म्हणजे लोक ती यादी घेऊनच खरेदीला जातील. तसंच भोगीचं, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, सोलाणे, पापडी, गाजर, वांगं, बोरं, उसाचे करवे, तीळ. आठ जानेवारीला टाकलेली भोगीची पोस्ट चालते, तेरा तारखेच्या दुपारची नाही चालत. ऑगस्टमध्ये ९ तारखेच्या आदिवासी दिनाच्या आसपास कृषी विभाग ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवतो, आपल्या जिल्ह्यातला कुठे आहे ते तालुका कृषी कार्यालयात विचारून आधी कळवा, आणि स्वतः जाऊन या, महिनाभराचं सामान तिथे एका दिवसात मिळतं.

चूक परवडत नाही अशी जागा

हे खाण्याचं आहे, म्हणून इथे सगळ्यात कडक राहा. जी भाजी तुम्ही स्वतः खाल्लेली नाही, जी ओळखणाऱ्या बाईकडून तुम्ही हातात घेतलेली नाही, तिच्यावर पोस्ट टाकू नका, नेटवरचा फोटो उचलून तर कधीच नाही. पावसाळ्यातच कळलावी फुलते, दिसायला अतिशय देखणी आणि तिचा कंद जीवघेणा विषारी. "रानातलं सगळं औषधी असतं" हे वाक्य तुमच्या पेजवर कुठेही यायला नको. भारंगीचा पाला कडू असतो, उकळून पाणी टाकून द्यायचं, हे लिहायचं राहिलं तर लोक एकदा करून परत त्या भाजीच्या वाटेला जात नाहीत, तेरीचा अळू आंबटाशिवाय केला तर घसा खाजून रडायची पाळी येते. असले बारकावे आलेच पाहिजेत.

इनबॉक्समध्ये लोक रस्त्याकडेच्या झाडाचे धूसर फोटो पाठवून विचारतील, हे खाऊ का. उत्तर एकच, फोटोवरून सांगता येत नाही, तुमच्याकडच्या भाजीवालीला दाखवा. कितीही आग्रह केला तरी हेच. आणि डायबेटिस बरा होतो, किडनी स्टोन पडतो असले दावे कुणी कॉमेंटमध्ये केले तर तिथेच नम्रपणे लिहा की आपण इथे फक्त स्वयंपाकाबद्दल बोलतो. असं पेज लोक डोळे मिटून पुढे पाठवू शकतात आणि तो भरवसा जमायला वेळ लागतो, म्हणून तो जपायचा.

दुसरी गोष्ट माणसांची. ही माहिती मुळात ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली बायकांची आहे, पहाटे उठून डोंगरात जाऊन खुडून आणणाऱ्या त्या आहेत. त्यांचा चेहरा विचारल्याशिवाय पेजवर टाकायचा नाही, नाही म्हणाल्या तर हात आणि टोपलीचा फोटो काढा, तोही विचारून. भाजी विकत घ्या, घासाघीस करू नका, मग बसून विचारा, गर्दी कमी झाल्यावर. त्यांची परवानगी असेल तर नाव लिहा आणि कुठे, कोणत्या वेळेला बसतात ते लिहा, म्हणजे पेजमुळे त्यांची दोन गिऱ्हाईकं वाढतील. पण भाजी रानात नेमकी कुठे उगवते ते ठिकाण सांगू नका, शहरातून गाड्या भरून माणसं जातात, मुळासकट उपटतात, आणि पुढच्या वर्षी त्या बाईला तिथे काही मिळत नाही.

कॉमेंटमधूनच पुढची पोस्ट

सुरुवातीला पाच-सहा कॉमेंट येतील, त्या प्रत्येकीला उत्तर द्या, नुसतं हात जोडलेलं चित्र नको, वाक्य लिहा. कुणी म्हणालं आमच्याकडे करटोलीला काटवल म्हणतात आणि खोबरं घालत नाही, तर विचारा मग काय घालता, तीळकूट का, आणि पुढच्या आठवड्यात "वाचकांनी सांगितलेली काटवलाची भाजी" ही पोस्ट, त्यांचं नाव घेऊन. त्या बाई ती पोस्ट त्यांच्या सगळ्या नातेवाइकांना पाठवणार हे नक्की. परदेशातली मराठी माणसंही येतात, त्यांना भाजी मिळत नाही पण आठवण येते, त्यांच्यासाठी काही वेगळं करायची गरज नाही, पण आईकडून ऐकलेल्या पद्धती त्यांच्याकडे खूप असतात, त्या मागून घ्या. बाकी आपल्याच पट्ट्यातली दुसरी छोटी पेजेस शोधा, लोकलचं वेळापत्रक सांगणारं, पक्ष्यांचं, गच्चीवरच्या बागेचं, त्यांच्या पोस्टवर खरंखुरं काहीतरी लिहा. "छान, माझंही पेज बघा" हे कुणालाच आवडत नाही.

आकडे बघायचे तर महिन्यातून एकदा आणि दोनच, सेव्ह किती झाल्या आणि शेअर किती झाले. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी स्वतः सांगितलंय की अनोळखी लोकांपर्यंत पोस्ट पोचवताना ती किती जणांनी दुसऱ्याला पाठवली याला खूप वजन असतं, आणि आपल्या कामात तर ते तसंही खरंच आहे. लाइक कमी आणि सेव्ह जास्त असलेली पोस्ट दिसली की त्याच धाटणीची अजून एक करा. फॉलोअर्स विकत घेणं, फॉलो करून अनफॉलो करणं, "टॅग करा आणि कुकर जिंका" हे प्रकार नकोत, त्यातून आलेली माणसं भाजी घ्यायला येत नाहीत, पोस्ट उघडतही नाहीत, आणि मग खऱ्या माणसांपर्यंतही पोस्ट पोचेनाशी होते.

शे-दोनशे लोक झाले की व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल काढा. ग्रुप नको, ग्रुपवर सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि दोन दिवसांत गुड मॉर्निंग सुरू होतं, चॅनेलवर फॉलोअर्सना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत आणि पोस्ट फक्त तुम्हीच टाकता. दुसरं कारण जास्त मोठं आहे. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली आणि गावोगावच्या कितीतरी लोकांचे जमवलेले फॉलोअर्स एका रात्रीत गेले, जुलैमध्ये इन्स्टाग्रामने इथे रील्स आणलं तेव्हा सगळ्यांना पुन्हा शून्यापासून सुरू करावं लागलं. म्हणून माणसं एकाच अ‍ॅपवर ठेवू नका, आणि मूळ फोटो, कॅप्शन कुठेतरी कॉम्प्युटरवर किंवा ड्राइव्हवर ठेवत जा.

हजारच्या जवळ गेलात की मसालेवाले, तेलवाले मेसेज करायला लागतात, फुकट पाकीट पाठवतो, पोस्ट टाका. घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण घेतलं तर पोस्टवर स्पष्ट लिहा की हे फुकट मिळालंय, जाहिरात आहे. एएससीआय, म्हणजे जाहिरातींवर लक्ष ठेवणारी जाहिरात क्षेत्राचीच संस्था, तिचे २०२१ चे नियम आणि केंद्र सरकारच्या २०२३ च्या सूचना दोन्हीत हे आहे, पैसे न घेता नुसती वस्तू घेतली तरी लागू. मी तर सांगेन की पहिलं वर्ष काहीच घेऊ नका.

दुसरा जून आला की पेजचं काम निम्मं सोपं होतं, कारण गेल्या वर्षीच्या शेवळाच्या पोस्टखाली जे प्रश्न आले होते तेच आता सुधारून पोस्टमध्ये घालायचे असतात. काकडं मिळाली नाहीत तर किती चिंच, शिजवताना झाकण ठेवायचं का, फ्रीजरमध्ये राहतात का. जुनी पोस्ट डिलीट करू नका, नवीन फोटोंसह नव्याने टाका आणि ज्यांनी गेल्या वर्षी विचारलं होतं त्यांना मेन्शन करा, की तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिसऱ्या स्लाइडवर आहे, आणि या शनिवारी शेवळं बाजारात येतील असं मावशी म्हणाल्यात.